खाजकुइलीची मात्रा

खाजकुइली ओळखायला वनस्पतिशास्त्र लागत नाही. एकदा अंगाला लागली की माणूस तिला जन्मभर विसरत नाही. कुणाच्या कॉलरमध्ये ती शाळेतल्या मित्राने टाकलेली असते, कुणी गडाची वाट चढताना आधारासाठी नको त्या झुडपात हात घातलेला असतो, कुणाच्या बांधावर ती दर पावसाळ्यात आपली आपण उगवते. कुणी तिला कुयली म्हणतं, कुणी कुहिली. काष्ठौषधींच्या दुकानात तिच्या बियांना कवचबीज म्हणतात, आणि वैद्यांच्या ग्रंथांत ती आत्मगुप्ता किंवा कपिकच्छू या नावांनी भेटते.

पावसाळ्यात करवंदीच्या जाळ्यांवर, कुंपणांवर, रानाच्या कडेला ती चढलेली असते. तीन-तीन दलांची पानं आणि पानांआडून खाली लोंबणारे गडद जांभळ्या फुलांचे घोस. या दिवसांत तिला हात लावला तरी काही होत नाही, म्हणून नवखा माणूस फसतो. थंडी सरत येते तशा शेंगा पिकतात. दोन्ही टोकांना उलटसुलट वळलेल्या, बोटभर लांबीच्या, सोनेरी-तपकिरी लवेने गच्च भरलेल्या. ती लव म्हणजेच खाज.

खाजकुइली एकटी नाही. वाल, तूर, हरभरा ज्या शिंबावंत कुळातले, त्याच कुळात म्युक्युना नावाची एक प्रजाती आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिशेल आदांसाँ याने १७६३ मध्ये ती मांडली. तिच्यात आज शंभराहून थोड्या अधिक जाती मोजल्या जातात. बहुतेक सगळ्या वेली, आणि त्या ब्राझीलपासून आफ्रिका, भारत, आग्नेय आशिया ते न्यू गिनीपर्यंत उष्ण प्रदेशांत पसरलेल्या. आपली खाजकुइली म्हणजे म्युक्युना प्रुरिएन्स. सतराव्या शतकात केरळच्या वनस्पतींवर सिद्ध झालेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या डच ग्रंथमालेत तिचं चित्र आहे. पुढे लिनियसनेही तिची नोंद घेतली.

माणसाने या वेलीकडून मुख्यतः तीन गोष्टी घेतल्या: खाज, औषध आणि खत. तिन्ही तिने माणसासाठी केलेल्या नाहीत. कुणी शेंग खाऊ नये, बी कुरतडू नये, शेजारी तण वाढू नये, या तिच्या स्वतःच्या गरजा. आपण त्यांतून आपल्या सोयीचं उचललं, आणि प्रत्येक वेळी एकाच प्रश्नापाशी येऊन ठेपलो: किती?

खाज

वेल्ह्याच्या बाजूला गुरं चारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना मी शेंगा दाखवायला सांगितलं, तर ते वेलीजवळ जायच्या आधी थांबून वाऱ्याचा अंदाज घेऊ लागले. "दादा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं ऱ्हा. खालच्या अंगाला गेलास की शेंगेला हात न लावता खाजवत घरी जाशील." ते खरं होतं. वाळलेली लव इतकी सुटसुटीत असते की वाऱ्याच्या झुळकेनेही उडते. बिया गोळा करायच्या तर सकाळी दव असताना जायचं, ओली लव शेंगेला धरून राहते, असं त्यांचं म्हणणं. लागलीच तर काय करता, विचारलं. "शेण थापायचं, नाहीतर वली माती. सुकली की खरवडून काढायची. खाजवायचं मात्र न्हाय."

या उपायामागे विचार आहे. लव म्हणजे एक-दोन मिलिमीटरची टोकदार, ताठ कुसळं. ती कातडीच्या वरच्या थरात रुततात. खाजवलं की आणखी आत जातात आणि हाताला लागून दुसरीकडे पसरतात. सुकत जाणारं शेण किंवा माती त्यांना धरून बाहेर ओढते.

पण नुसतं टोचल्याने खाज येत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर शेली यांनी दाखवलं की कुसळांत प्रथिनं तोडणारं एक विकर आहे. त्याला त्यांनी म्युक्युनेन नाव दिलं. कुसळांना उष्णता देऊन विकर निकामी केलं की तीच कुसळं टोचूनही खाज येत नाही. २००८ मध्ये इथन लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची पायरी उलगडली. हे विकर त्वचेतल्या ठरावीक ग्राहक प्रथिनांना कापून चालू करतं, आणि तिथून चेतातंतू मेंदूला खाजेचा निरोप धाडतात.

हे महत्त्वाचं का, तर खाज म्हणजे हिस्टामिन असं वैद्यकशास्त्र दीर्घकाळ धरून चाललं होतं. डास चावला किंवा पित्त उठलं की हिस्टामिनमुळे खाज येते, आणि त्यावरची साधी गोळी घेतली की थांबते. खाजकुइलीची खाज त्या गोळीला दाद देत नाही. तिचा मार्गच वेगळा, तंतूही वेगळे. इसबासारख्या जुनाट त्वचारोगांत रुग्ण रात्र-रात्र खाजवतो आणि हिस्टामिनविरोधी गोळ्या फारसं काही करत नाहीत. त्या खाजेचा अभ्यास करायला संशोधकांना एक भरवशाचं साधन हवं होतं. ते या वेलीने दिलं. प्रयोगशाळेत आज चिमट्याने मोजून मोजकी कुसळं स्वयंसेवकाच्या हातावर टोचतात. रानात जे हजारोंनी अंगावर येतं, तेच मोजून घेतलं की शास्त्राचं हत्यार होतं.

याच कुसळांचा आणखी एक उपयोग अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपच्या औषधीकोशांत होता. काकवी किंवा मधात घोळवून ती पोटातले जंत पाडायला देत. वेस्ट इंडीज बेटांवरून हा उपाय इंग्लंडात पोचला होता. काकवीच्या चिकट थरात गुंडाळलेली कुसळं घशाला न टोचता आतड्यापर्यंत जावीत, एवढाच त्यातला हिशेब.

फुलांचे सौदे

लव पाहून वेल माणूसघाणी वाटते, पण फुलांच्या बाबतीत या प्रजातीने जनावरांशी फार बारकाईने सौदे केले आहेत. फूल वालाच्याच घडणीचं: वर पताका, बाजूला दोन पंख, आणि खाली नौका नावाच्या जोडपाकळीत पुंकेसर दाबून बसवलेले. अनेक जातींत ही नौका ताणाखाली असते. योग्य ठिकाणी योग्य जोराने दाबलं तरच ती फट्कन उघडते आणि परागकण पाहुण्याच्या अंगावर उडतात. ज्याला दाबता येत नाही त्याला मध नाही.

मध्य अमेरिकेतल्या म्युक्युना होल्टोनाय या जातीची फुलं वटवाघळं उघडतात. रात्रीच्या काळोखात त्यांना कळी सापडते कशी, हे डागमार आणि ओटो फॉन हेल्वर्सन या जर्मन संशोधकांनी कोस्टा रिकाच्या जंगलात तपासलं आणि १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. फूल तयार झालं की पताका वर उभी राहते. तिचा आतला खोलगट भाग वटवाघळाने सोडलेला आवाज जवळजवळ आला त्याच दिशेने परत पाठवतो. संशोधकांनी त्या खोलीत कापूस भरला, तेव्हा पुष्कळ कळ्या वटवाघळांकडून न उघडताच राहिल्या. मधाचं मापही ठरलेलं. पहिल्यांदा फूल उघडणाऱ्याला भरपूर, नंतर येणाऱ्याला थेंबभर. त्यामुळे वटवाघूळ न उघडलेल्या कळ्या शोधत फिरतं, आणि परागकण एका वेलीवरून दुसरीवर जातात.

म्युक्युना मॅक्रोकार्पा या पूर्व आशियातल्या जातीवर जपानी संशोधकांनी काम केलं आहे. तिथे तर पाहुणा बेटागणिक बदलतो. ओकिनावात फलाहारी वटवाघूळ हे फूल उघडतं, क्युशूत माकड, तैवानात खार. फूल तेच, उघडण्याइतकी ताकद आणि अक्कल ज्याच्यापाशी, त्याच्याशी त्याचा व्यवहार.

काही जाती समुद्राशीही व्यवहार करतात. जाड कवचाच्या, आत हवेची पोकळी असलेल्या त्यांच्या बिया खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने तरंगतात. कॅरिबियन बेटांवरून निघालेल्या अशा बिया उबदार सागरी प्रवाहावर स्वार होऊन आयर्लंड, स्कॉटलंड, नॉर्वेच्या किनाऱ्याला लागत. ज्यांच्या संग्रहातून पुढे ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं त्या हॅन्स स्लोन यांनी १६९० च्या दशकात ऑर्क्नी बेटांवर वाहून येणाऱ्या अशा नवलाईच्या बियांवर टिपण लिहिलं होतं. जमैकात राहून आल्यामुळे त्या कुठल्या वेलींच्या हे ते ओळखू शकले. आज यांतल्या एका जातीला स्लोन यांचंच नाव आहे.

बी

पिकल्या शेंगेत चार-सहा बिया असतात, चकचकीत, काळ्या किंवा ठिपकेदार. लवेचा पहारा ओलांडून एखादी अळी आत शिरलीच, तरी बी तिला सोसत नाही. १९७३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या एका निबंधात रेहर, जॅन्झेन आणि फीनी यांनी दाखवलं की या बियांत एल-डोपा नावाचं अमिनो आम्ल इतकं असतं की ते मिसळलेल्या अन्नावर अळ्या नीट वाढत नाहीत. बहुतेक बियांमध्ये अशी प्रथिनबाह्य अमिनो आम्लं असली तरी अल्प असतात. खाजकुइलीच्या बीमध्ये तिच्या वजनाच्या साधारण तीन ते सहा टक्के एल-डोपा असतो, जातीप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे कमी-अधिक.

हे बीमधलं विष आणि माणसाचा कंपवात यांची गाठ पडायला अर्धं शतक लागलं, आणि ती गोष्ट वळणावळणाने आपल्याकडे येत राहते.

१९१३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मार्कुस गुगेनहाइम यांनी बाकल्याच्या शेंगांतून एल-डोपा वेगळा केला. काय होतं ते पाहायला त्यांनी अडीच ग्रॅम स्वतः गिळला, आणि त्यांना जोरदार उलट्या झाल्या. पदार्थ कपाटात गेला. १९३७ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दामोदरन आणि रामस्वामी यांनी कवचबीजातून तो काढला आणि 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. त्याचं काय करायचं हे तेव्हाही कुणाला माहीत नव्हतं.

दुसरा धागा मुंबईतला. १९४९ मध्ये डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, असा आपल्या रुग्णांच्या अनुभवावरचा निबंध ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात छापला. जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. १९५२ मध्ये बाझलच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं केलं. ते काही रुग्णांना सुस्त, ताठर करून टाकी. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिलं. ससे निपचित पडले. मग त्यांना डोपा टोचला, आणि ते थोड्याच वेळात उठून हालचाल करू लागले. मेंदूत डोपामिन हे स्वतंत्र काम करणारं द्रव्य आहे, हे यातून पुढे आलं. त्याबद्दल कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं.

१९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकीविच यांनी कंपवाताने गेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णन केलेल्या या आजारात मेंदूच्या ठरावीक भागात डोपामिन फार कमी असतं, हे त्यांना आढळलं. डोपामिन थेट देऊन उपयोग नाही, ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. त्याचा कच्चा माल असलेला एल-डोपा मात्र शिरतो. १९६१ मध्ये रुग्णांना तो शिरेतून दिला, तर अंथरुणाला खिळलेली माणसं काही तासांसाठी उठली. पण उलट्या होत आणि परिणाम टिकत नसे. ती कोंडी १९६७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत जॉर्ज कोटझिअस यांनी फोडली. त्यांनी तोंडावाटे अगदी थोड्यापासून सुरुवात केली आणि आठवड्यांमागून आठवडे मात्रा हळूहळू वाढवत नेली. शरीराने ती पचवली. गुगेनहाइम यांनी एका घोटात जे घेतलं आणि टाकून दिलं, तेच धीराने दिल्यावर विसाव्या शतकातलं एक मोठं औषध ठरलं.

मुंबईचे प्रयोग

आता कवचबीजाकडे परत वळणं साहजिक होतं. कारखान्यात तयार झालेला लेव्होडोपा सुरुवातीला महाग होता, आणि आपल्याकडे ही बी खेड्यापाड्यांत पडून होती. डॉ. अशोक वैद्य, मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत कंपवाताच्या रुग्णांना बियांचं चूर्ण दिलं आणि १९७८ मध्ये 'न्यूरॉलॉजी इंडिया'मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. रुग्णांना फरक पडत होता.

यावर आपल्याकडे एक दावा लगेच पुढे येतो: आयुर्वेदाने हा आजार आणि त्याचं औषध हजारो वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. माधवनिदानात सर्वांगाला आणि डोक्याला कंप सुटण्याच्या विकाराचं वेपथु म्हणून वर्णन आहे, हे खरं. कपिकच्छू वाताच्या विकारांत आणि मुख्यतः वाजीकरणासाठी, म्हणजे शक्तिवर्धनासाठी सांगितली आहे, हेही खरं. मात्र मेंदूत अमुक द्रव्य कमी पडतं आणि या बीमध्ये नेमका त्याचाच कच्चा माल आहे, ही जोडणी विसाव्या शतकात झाली. दोन्ही बाजूंना त्यांचं श्रेय मोजून दिलं तर कुणाचंच काही जात नाही.

पुढे मुंबईच्याच झंडू कंपनीने बियांचं प्रमाणित चूर्ण तयार केलं. एचपी-२०० या सांकेतिक नावाने त्याची अनेक केंद्रांवर चाचणी झाली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ६० रुग्ण, १२ आठवडे. साडेसात ग्रॅमची पुडी पाण्यात कालवून दिवसातून अनेकदा घ्यायची. लक्षणं कमी झाली, पण त्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

तुलना २००४ मध्ये लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयातल्या चाचणीत झाली. रुग्ण फक्त आठ. एकाच रुग्णाला वेगवेगळ्या दिवशी कधी १५ ग्रॅम कवचचूर्ण, कधी ३० ग्रॅम, कधी नेहमीचं औषध, आणि काय दिलंय हे रुग्णाला किंवा डॉक्टरला ठाऊक नाही. ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम सरासरी ३४.६ मिनिटांत सुरू झाला, नेहमीच्या गोळीचा ६८.५ मिनिटांत. चूर्णाचा परिणाम टिकलाही जास्त वेळ, आणि अंगाचे झटके वाढले नाहीत.

आकडे वाचून हुरळून जाण्याआधी मात्रा पाहावी. नेहमीच्या गोळीत २०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि त्याच्या जोडीला कार्बिडोपा असतो. कार्बिडोपा लेव्होडोपाला मेंदूबाहेर वाया जाऊ देत नाही, त्यामुळे थोड्या लेव्होडोपात काम भागतं आणि मळमळही कमी होते. चूर्णात कार्बिडोपा नाही. म्हणून ३० ग्रॅम चूर्णातून सुमारे १००० मिलिग्रॅम एल-डोपा द्यावा लागला. एवढं चूर्ण दिवसातून तीनदा पोटात घालणं हे कष्टाचं काम.

ते किती कष्टाचं, हे बोलिव्हियातून कळलं. इटालियन डॉक्टर रोबेर्तो चिलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा विचार गरीब देशांसाठी होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना पार्किन्सनचा आजार होता. त्यांतल्या अनेकांना जन्मभराच्या गोळ्या परवडत नाहीत किंवा गावात मिळतच नाहीत. बिया तव्यावर भाजून दळायच्या, एवढ्यावर औषध होत असेल तर? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १८ रुग्णांवर एकेका मात्रेचा परिणाम पाहिला, तो गोळीच्या तोडीचा निघाला. मग दुसऱ्या अभ्यासात १४ रुग्णांना काही आठवडे रोज भाजलेलं चूर्ण दिलं. सात जणांनी मधेच सोडलं. चौघांना पोटाचा त्रास सोसेना, तिघांची हालचाल बिघडत गेली. एका दिवसाला जे जमतं ते रोजचं होताना अवघड जातं.

उकळून ओतलेलं पाणी

बी औषध आहे तशी ती अन्नही आहे. दक्षिण भारतातल्या काही आदिवासी समाजांत ती शिजवून खातात, पण पाणी पुन्हा पुन्हा बदलून. एल-डोपा पाण्यात उतरतो, पाण्याबरोबर जातो. वैद्यांची कृतीही त्याच जातीची. बिया गाईच्या दुधात शिजवायच्या, साल काढायची, वाळवून मगच चूर्ण. याला शोधन म्हणतात.

ही पायरी गाळली तर काय होतं हे १९८९ मध्ये मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात दिसलं. यादवी आणि दुष्काळ सोबत चालू होते. खायला म्युक्युनाच्या बिया होत्या, पण त्या अनेकदा उकळून पाणी ओतून द्यायला पाणीच नव्हतं. दोनशेहून अधिक माणसांना तीव्र मानसिक भ्रमाचे झटके आले. मेंदूत डोपामिन कमी झालं तर अंग गोठतं, फार झालं तर मन भरकटतं. पार्किन्सनच्या रुग्णाला औषध जास्त झालं की डॉक्टरांना हेच भय असतं. तिथे ते उपाशी गावांवर ओढवलं.

पुण्याच्या पेठेतल्या एका काष्ठौषधींच्या दुकानात मी कवचबीज मागितलं, तर दुकानदार काकांनी पहिला प्रश्न केला, "काळं देऊ का पांढरं?" दुसरा प्रश्न, "कशासाठी?" बहुतेक लोक शक्तीसाठी नेतात, असं ते म्हणाले. अलीकडे मोबाईलवर वाचून थरथरीसाठी नेणारेही येतात. "त्यांना मी सांगतो, आधी डॉक्टरांना विचारा. त्यांची गोळी चालू असते, वर हे." या काकांनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. गोळी चालू असताना वर चूर्ण घेणं म्हणजे एकच औषध दोन वाटांनी घेणं. त्यात अंगाचे झटके, भ्रम, एकाएकी रक्तदाब उतरणं, सगळं आलं. गोळी मनाने बंद करून चूर्णावर जाणं त्याहून धोक्याचं.

पुडीवरून काही कळेल, तर तेही नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या म्युक्युनाच्या पूरक उत्पादनांची २०२२ मध्ये तपासणी झाली, तेव्हा एका वेळच्या मात्रेत कुठे दोन-चार मिलिग्रॅम लेव्होडोपा निघाला, तर कुठे दोनशेहून अधिक. पहिल्याने काहीच होणार नाही, दुसऱ्यात अख्ख्या गोळीएवढा लेव्होडोपा, आणि दोन्ही बाटल्यांवर पान तेच, फूल तेच.

वेलीखालची जमीन

औषधाची बाजू इतकी गाजली की शेतीची मागे पडली. वास्तविक जगात ही वेल सर्वाधिक पसरली ती शेतीमुळे. खाजरी लव नसलेला तिचा एक प्रकार शेतकऱ्यांनी निवडून जपला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो अमेरिकेच्या फ्लोरिडात पोचला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेकडच्या राज्यांत मक्याबरोबर मोठ्या क्षेत्रावर पेरला जाऊ लागला. गुरांना चारा आणि वाळूसारख्या जमिनीला नत्र. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात, पाला कुजला की तो जमिनीत उतरतो. नंतर रासायनिक खत स्वस्त झालं, सोयाबीन आलं, आणि वेल मागे हटली.

ती मध्य अमेरिकेत टिकली. होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यावर डोंगरउतारावरचे छोटे शेतकरी तिला शेतभर पसरू देत. वर्षाच्या शेवटी ती कोयत्याने कापून तिथेच पाडायची आणि त्या जाड आच्छादनात काठीने भोकं पाडून मका टोचायचा. नांगर नाही, विकतचं खत नाही, तण जवळजवळ नाही. यात कुठल्या सरकारी योजनेचा हात नव्हता. एकाचं शेत दुसऱ्याने पाहिलं आणि बी मागून नेलं, असं हे पसरलं. तिथल्या भागात या बिया भाजून कॉफीसारख्याही पितात, आणि त्या पेयाला लोक कौतुकाने नेसकाफे म्हणतात.

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीला संशोधकांनी जमीन सुधारावी म्हणून ही वेल काही शेतकऱ्यांना दिली. शेतकऱ्यांना तिच्यात दुसरंच काही दिसलं. इम्पेराटा नावाचं चिवट गवत, जे कितीही खणलं तरी मुळापासून पुन्हा उठतं, ते या वेलीखाली गुदमरून मरत होतं. दाट सावली हे एक कारण; मुळांतून झिरपणारा एल-डोपा शेजारच्या रोपांना वाढू देत नाही, हे प्रयोगशाळेत दिसलेलं दुसरं. ज्याने अळीची वाढ खुंटते तेच जमिनीत तण अडवतं. केरळच्या रबरबागांत आणि १९९० च्या दशकापासून मलेशियाच्या रबर आणि तेलमाडांच्या मळ्यांत आच्छादन म्हणून लावतात ती म्युक्युना ब्रॅक्टिआटा ही तिची बहीण. मुळची ती त्रिपुराच्या रानातली.

इथेही 'किती'चा प्रश्न आहेच. वेल शेत ताब्यात घेते तसं पीकही गुंडाळून टाकते. ती मक्याबरोबरच पेरली तर मका खाली जातो, उशिरा पेरली तर तिचा फायदा मिळत नाही. शिवाय पाला कुजून जमीन तयार व्हायला एक हंगाम सोडावा लागतो. ज्याची जमीन स्वतःची, त्याला ते परवडतं. होंडुरासमध्ये गुरांसाठी जमिनी विकल्या जाऊ लागल्या, खंडाने मिळणं अवघड झालं, तसं वेलीचं क्षेत्रही घटत गेलं.

सह्याद्रीतली नवी जात

इतका वापर, इतका अभ्यास. तरी म्युक्युना पूर्ण ओळखून झाली असं नाही. सह्याद्रीच्या सदाहरित रानात सोनगारवी किंवा मोठी कुहिली म्हणतात ती म्युक्युना मोनोस्पर्मा आहे. तिच्या शेंगेत बहुधा एकच मोठी बी आणि शेंगेवर चुण्या. समुद्रकाठी म्युक्युना जायगँटिया. आणि २०१२ मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले मकरंद ऐतवडे आणि श्रीरंग यादव यांनी उत्तर सह्याद्रीतून एक अगदी नवी जात 'क्यू बुलेटिन'मध्ये नोंदवली. तिला त्यांनी म्युक्युना संजप्पी नाव दिलं. भारतातल्या शिंबावंत वनस्पतींची मोठी सूची १९९२ मध्ये प्रसिद्ध करणारे, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे माजी संचालक एम. संजप्पा यांच्या सन्मानार्थ. शिवाजी विद्यापीठातल्याच संशोधकांनी २०१५ मध्ये तिच्या बियांत आशादायक प्रमाणात एल-डोपा असल्याचं दाखवलं. म्हणजे रोज माणसांची ये-जा असलेल्या डोंगरात औषधी मोलाची एक वेल २०१२ पर्यंत बिननावाची उभी होती.

एवढी सामग्री घरात असताना आपण तिच्याशी कसं वागतो? बांधावरची खाजकुइली जाळतो, रस्ता रुंद होतो तेव्हा रान कापलं जातं, आणि तिचंच चूर्ण चकचकीत डब्यात घालून विकतो. डब्यावर ऋषीचं चित्र असतं, 'शंभर टक्के नैसर्गिक' असतं. एका चमच्यात एल-डोपा किती, हे क्वचितच असतं. नैसर्गिक तर नाम्पुलातल्या बियाही होत्या. गुगेनहाइमच्या उलट्यांपासून कोटझिअसच्या धीरापर्यंत, दुधात शिजवणाऱ्या वैद्यापासून पाणी ओतून देणाऱ्या आदिवासी बाईपर्यंत ज्यांनी ही वेल वापरली त्या सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती किंवा शिकावी लागली: तिच्याकडून मोजून घ्यायचं असतं.

ते मोजमाप आज अशक्य नाही. बियांच्या प्रत्येक खेपेतला एल-डोपा तपासणारी यंत्रं विद्यापीठांत आहेत, मुंबईने १९७८ मध्ये चाचणीचा पायंडा पाडून दिला आहे, कोल्हापूरकडे सह्याद्रीतल्या जातींचा अभ्यास आहे. शक्तीसाठी चूर्ण घेणाऱ्या तरुणाला आणि थरथरत्या हाताने पुडी फोडणाऱ्या आजोबांना दोघांनाही हे कळण्याचा हक्क आहे की ते नेमके किती मिलिग्रॅम औषध पोटात घालत आहेत. ऋषीचं चित्र राहू द्या, पण त्याखाली आकडा छापा. आकडा छापता येत नसेल, तर डबा विकू नका.